आबांचा पेला

"वैनी, बारा वर्षं झाली. आता पुतळा जाळावाच लागंल," दौलताबादहून आलेले दीर काकासाहेब पुन्हा म्हणाले. "भटजीला काय सांगू?"

एक तप बेपत्ता असलेल्या माणसाचा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, ही रीत सरूबाईला माहीत होती. मग आपलं कुंकू पुसलं जाणार, हेही. रझाकारांच्या धामधुमीत तिचा नवरा पुंजाराम सायकल घेऊन पडेगावच्या रस्त्यानं निघाला, तो गेलाच. पोलीस ॲक्शन झाली, परागंदा झालेली कितीतरी माणसं घरी परतली. तो आला नाही. तरी सरूबाई रोज दिवस कलला की त्याचा काचेचा पेला पाण्यानं भरून उंबऱ्याशी ठेवायची. बाहेरून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यावं लागतं. त्या पेल्याला ती दुसऱ्या कुणाचे ओठ लागू देत नसे. लोक तिला वेडी म्हणायचे. म्हणोत बापडे!

"आई, आबा वापस आले!"

सरूबाई धडपडत दाराशी गेली. तिथं भागू एका कागदापुढं पालथी पडली होती. बाप गेला तेव्हा ही पोर पोटात होती. तिनं कागदाच्या कडेला घर काढलं होतं आणि त्याच्याकडं पाठ करून निघालेला सायकलवाला. कागद भिंतीला टेकवून तिनं पाण्याचा पेला फक्त सायकलवाल्याच्या पुढं ठेवला होता.

"बाईंनी शाळेत शिकवलं. आबांना पेल्यातनं बघ."

सरूबाई वाकली. पाण्यात सायकल वळली होती. पुंजाराम घराकडं येत होता. तिला रडू फुटलं आणि हसूही आलं. किती तरी वेळ ती तशीच बघत राहिली.

"खरं नाय गं ते," आईचे डोळे बघून भागू घाबरली. "पाण्यात उजेड वाकतो, म्हणून उलटं दिसतंय. पेला काढला की आबा चाललेलेच हायेत."

सरूबाईनं पेल्याला हात घातला. तो लवकर उचलवेना. मग तिनं उचलला. कागदावर पुंजाराम घराकडं पाठ करूनच होता, त्या सकाळी होता तसाच.

ती पेला घेऊन आत आली.

"भावजी, कवाचे आलात, पाणीसुद्धा इचारलं नाय मी," ती म्हणाली आणि भरलेला पेला तिनं काकासाहेबांच्या हातात दिला. "घ्या. मग भटजीकडं जाऊन या."