एकही डोस न चुकलेलं घर

"आज नको ना प्रीतीताई, हात जोडतो," पोपटराव फोनवर म्हणाले. "शिवानीची सुपारी फोडायची आहे आज. एक वाजता मुलाकडचे येतायत."

"आम्ही अकराला येतो आणि साडेअकराला निघतो, काका," टीबी विभागाची प्रीती म्हणाली. "मॅडम जिनिव्हाहून आल्यात. हे फोनवरून डोस तपासायचं काम त्यांच्याच संस्थेच्या निधीवर चालतं. त्यांना एकही डोस न चुकलेलं घर बघायचंय. माझ्या अख्ख्या यादीत तसं घर तुमचंच. आता मी तरी काय करू?"

पोपटरावांनी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. शिस्त नडली ती अशी! चार महिने रोज सकाळी सातचा गजर, आणि सव्वासातला रिकाम्या पाकिटाचा फोटो प्रीतीच्या मोबाइलवर. ताप असो, सणवार असो, एक दिवस खाडा नाही. टिटवाळ्याच्या त्या नव्या बिल्डिंगमध्ये शेजाऱ्यालाही पत्ता लागू दिला नव्हता. आणि आज नेमकी गोरी मॅडम दारात येणार.

"मुलाकडच्यांना कळलं तर बसा मग बोंबलत," त्यांची बायको कलावती शिवानीच्या ब्लाउजला टाके घालता घालता म्हणाली. "टीबीच्या घरातली पोरगी कोण करतंय?"

"घोडबंदर रोडवरून यायचेत ते. एकच्या आत कसले पोचतायत?"

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकवर एवढा भरवसा आजवर कोणी ठेवला नसेल. पण पोपटरावांना धीर धरवत नव्हता. त्यांनी औषधांचा डबा फ्रिजवरून काढून कपाटात ठेवला. कपाटातून पलंगाखाली सरकवला. मग मॅडम बघायला मागतील म्हणून परत फ्रिजवर आणून ठेवला. तेवढ्यात चार वेळा गॅलरीत जाऊन ते खाली रस्त्यावर बघून आले.

मॅडम आल्या सव्वाअकराला. साठीच्या असतील. चपला दाराबाहेर काढून बाई सरळ सतरंजीवर बसल्या. त्या इंग्रजीत विचारायच्या आणि प्रीती मराठीत सांगायची.

"गोळ्यांचा त्रास झाला का, विचारतायत."

"पहिला महिना फार वाईट गेला," पोपटराव म्हणाले. "अन्न समोर आलं की मळमळ. रात्र रात्र उशीत तोंड खुपसून रडणं. नको ते औषध आणि नको ते जगणं, असं..."

मॅडमनी त्यांच्या हातावर हात ठेवला. पोहे घेऊन आलेली शिवानी ताटल्या टेकवून झटकन आत निघून गेली.

आणि बेल वाजली.

"घोडबंदर रोड मोकळा!" दारातूनच दौलतराव ओरडले. मागे त्यांचा मुलगा ऋतुराज पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभा होता. "आयुष्यात पहिल्यांदा मोकळा! म्हटलं, यापरता शुभशकुन कुठला?"

मग त्यांना मॅडम दिसल्या. प्रीतीच्या गळ्यातलं ओळखपत्र दिसलं. त्यावर मोठ्या अक्षरांत 'क्षयरोग' लिहिलं होतं. दौलतरावांचं हसू जागच्या जागी थांबलं.

विम्यावाल्या आहेत म्हणावं का, असं पोपटरावांच्या मनात आलं. पण ओळखपत्र काही लपत नव्हतं.

"दौलतराव, आता लपवून काय उपयोग?" ते म्हणाले. "चार महिने झाले, टीबीचं औषध चालू आहे माझ्या नावाने. तुम्हाला आधीच सांगायला पाहिजे होतं. मोडायचं असेल तर मोडा, पण पोरीला बोल लावू नका."

दौलतराव धपकन खुर्चीत बसले. मग एकदम मांडीवर थाप मारून ते हसायलाच लागले.

"अहो, मग मला काय घाबरता? मीपण त्यातलाच! पाच महिने झाले, आमच्याकडच्या दवाखान्यातून गोळ्या आणतोय. तुम्ही मोडाल म्हणून माझीच सांगायची हिंमत होत नव्हती!"

दोघं व्याही कडकडून भेटले. कलावतीच्या जिवात जीव आला. तिने लगबगीने पाट मांडला, सुपारी ठेवली, दौलतरावांच्या हातात पोह्यांची ताटली दिली. मॅडम तर खूशच झाल्या. एका घरात दोन पेशंट भेटले, आता या काकांनाही एकदोन प्रश्न विचारते, म्हणाल्या.

"काका," प्रीतीने विचारलं, "लघवीचा रंग कसा असतो?"

"काय हे, पोहे खाताना!" दौलतराव लाजले. "असते आपली नेहमीसारखी. पाण्यासारखी."

प्रीतीने हे इंग्रजीत सांगितलंच नाही. हातातला चहाचा कप तिने खाली ठेवला.

"काका, या गोळ्यांनी लघवी लाल-केशरी होते. घेणाऱ्या प्रत्येकाची होते. तुमची होत नसेल, तर तुमच्या नावावरच्या गोळ्या दुसरंच कोणीतरी खातंय."

ऋतुराजने मान खाली घातली. दौलतरावांनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"एकुलता एक आहे हो," ते म्हणाले. "त्याच्या नावाने कागद झाला असता तर कोणी मुलगी दिली असती का त्याला?"

कलावतीने पाटावरची सुपारी उचलून मुठीत धरली. प्रीती आता पोपटरावांकडे वळली.

"आणि काका, तुमची?"

'लाल-केशरी' हे उत्तर पोपटरावांना चार महिने पाठ होतं. त्यांनी एकदा शिवानी गेली होती त्या आतल्या खोलीकडे बघितलं, मग ते उठले आणि दौलतरावांच्या शेजारी जाऊन बसले.

"पाण्यासारखीच," ते म्हणाले.