पन्हाळाच

मंगळवार पेठेतल्या प्रभावतीकाकू एकट्याच राहायच्या. त्यांनी हॉलिडे क्लबची मेंबरशिप घेतली, तेव्हा ती विकायला आलेल्या धैर्यशीलला निम्मा गड सर झाल्यासारखं वाटलं. आता फक्त होम रिसॉर्ट निवडायचं राहिलं होतं, म्हणजे दरवर्षी जिथं हक्काचा एक आठवडा मिळतो ते ठिकाण. त्यानं टॅबवर गोव्याचा समुद्र दाखवला, मुन्नारचे चहाचे मळे दाखवले. काकूंनी चष्मा पुसला आणि पन्हाळ्यावर बोट ठेवलं.

"काकू, पन्हाळ्याला आपण झुणका-भाकर खायला जातो आणि झोपायला घरी येतो. तिथं आठवडाभर काय करणार?"

"ते ऱ्हाऊ द्या. दोन खोल्या आन् स्वयपाकाचा ओटा हाय न्हवं?"

"हाय की. सहा माणसं आरामात मावतील."

"मग पन्हाळाच लिवा."

सही झाली तरी धैर्यशीलला राहवेना. मघाशी त्यानं वरची खोली पाहिली होती. नवा पलंग, नवा एसी, त्याच्यावरचं प्लॅस्टिकही अजून निघालेलं नव्हतं.

"एवढं ऐसपैस घर असताना पन्हाळ्याला कशाला काकू?"

काकूंनी पेनाला टोपण लावलं.

 

"आमचा ल्योक वृषभ दर मे महिन्यात बायकापोरं घेऊन बंगळूरहून येतोय आन् हॉटेलातच उतरतोय. औंदा मीच आधी जाऊन हॉटेलात ऱ्हाते."