हात हालला की चालते

हायवेत अर्धं वावर गेलं, त्या पैशात नवऱ्यानं परदेशी घडी घेतली. "सगळ्यात भारी घडी हाये. सेल नाही, चावी नाही. हात हालला की आपोआप चालते," असं तो खाटेवर पडल्या पडल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला.

तिसऱ्या दिवशी घडी बंद पडली. आदिलाबादच्या घडीवाल्यानं तपासून सांगितलं, "घडीले काही नाही झालं, भाऊ. तुमचा हातच हालून नाही राह्यला."

तेव्हापासून रोज सकाळी तो घडी माझ्या हातात बांधतो. मी भाकरी थापते, धुणं आपटते, उरलेल्या वावरात वांगी तोडते. घडी मस्त चालते.



संध्याकाळी आमच्या तामसी गावच्या चौकात मिरवायला निघताना तो ती काढून घेतो, आणि नाक मुरडत आधी तिला लागलेला माझा घाम पुसतो.