हानुसची मिठी

हानुस पुन्हा तळाशी गेला. वर आला तो खोकत, लालभडक डोळ्यांनी. काठाची दांडी त्याने अशी धरली की आता ती उपटूनच येते की काय! शाळेच्या तरणतलावात त्याच्याबरोबर शिकायला आलेल्या दोन म्हाताऱ्या खिदळल्या.

"अरे हानुस, वाळवलेला मासासुद्धा तुझ्यापेक्षा बरा तरंगतो!"

शिकवणारी सोलरून काठावर उभी होती. हानुसच्या धाकट्या भावाची, याकुपची, ती विधवा. गावातली सगळी पोरं तिच्याच हाताखाली पोहायला शिकली होती. ती हसली नाही. "पाण्याने तुझं काय घोडं मारलंय?" ती म्हणाली. "किती बडवतोस त्याला!"

हानुसला दुसरं काही येतच नव्हतं. जन्मभर त्याने ताकदीवर निभावलं होतं. आता खांदा निकामी झाला आणि पोहण्यावाचून इलाज नाही असं डॉक्टर म्हणाले, नाहीतर तो पाण्यात उतरलाच नसता. उत्तर अटलांटिकातल्या आमच्या फेरो बेटांवर त्याच्या पिढीचे दर्यावर्दी पोहणं शिकत नसत. ज्याचा नावेवर भरवसा नाही तो पोहायला शिकतो, असं म्हणत, आणि अशा माणसाला कुणी नावेवर घेत नसे.

हानुसच्या ताकदीची गोष्ट मात्र प्रत्येक लग्नात निघायची. खाडीच्या तोंडाशी दोघा भावांची नाव उलटली होती. किनारा हाकेच्या अंतरावर, पण पाणी हाडं गोठवणारं. हानुसने एका हाताने उलटलेली नाव पकडली आणि दुसरा हात याकुपच्या गळ्यात टाकून त्याला छातीशी आवळलं. "भीतीने वेडा झाला होता पोरगा," हानुस सांगायचा. "काहीतरी ओरडायचा, तेवढ्यात तोंडात लाट. मग हनुवटी छातीला लावून खाली सटकायचा. मी पुन्हा वर ओढायचो, आणखी घट्ट धरायचो." मदत पोचली तेव्हा याकुप गेला होता, पण हानुसची मिठी सुटली नव्हती. लोकांना त्याची बोटं उकलावी लागली.

भाऊ वाचला नाही, पण मी त्याला सोडलं नाही. एवढ्या एका गोष्टीवर हानुस आजवर तगला होता. सोलरूननेही त्याला कधी उणा शब्द ऐकवला नाही. रविवारी चर्चमधून परतताना ती त्याला आपल्या घरी जेवायला नेई.

"जोर काढून टाक," ती रोज सांगे. "मान सैल सोड. श्वास पाण्यात सोड. हात पुढे ने आणि थांब जरा, पाण्यालाही काहीतरी करू दे!" हानुस कुरकुरायचा. बाहेर हिवाळ्याचा अंधार, खिडक्यांवर पावसाचा मारा, आणि आत हा धिप्पाड माणूस पुन्हा पुन्हा बुडत होता.

मग एका सकाळी खांदा इतका ठणकत होता की जोर लावायची सोयच उरली नाही. त्याने मान सोडली, हात पुढे नेला आणि तसाच पडून राहिला. पाण्याने त्याला धरलं. आणखी एक हात, आणखी एक, आणि समोरची भिंत कधी आली ते त्याला कळलंही नाही. त्याला रडू आलं. उभ्या जन्मात त्याला कुणी इतकं अलगद उचललं नव्हतं.

त्यानंतर दार उघडायच्या आधीच तो पायरीवर येऊन बसू लागला. याकुप गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला सकाळ हवीशी वाटत होती, आणि त्याची थोडी लाजही वाटत होती. वसंत आला तेव्हा सोलरून म्हणाली, "आता लहान मुलांच्या वर्गाला माझ्या मदतीला ये. पण आधी सुटका शिकावी लागेल. बुडणारा माणूस गळ्याला मिठी मारतो आणि आपल्यालाही घेऊन जातो."

ती पाण्यात उतरली. "धर मला. लाजू नकोस, सगळा जोर लाव."

हानुसने चांगला हात तिच्या गळ्यात टाकला आणि आवळला.

"आता बघ. ओढाताण करायची नाही." तिने हनुवटी छातीला लावली, त्याचं कोपर वर ढकललं आणि ती खाली सटकली. त्याचा हात सवयीने आणखी आवळला गेला, पण तोवर ती निसटली होती. चार हातांवर डोकं काढून तिने केस मागे सारले. "कळलं?"

हानुस हलला नाही. त्याचा रिकामा हात अजून तसाच वाकलेला होता.

"सोलरून," तो म्हणाला, "याकुपला पोहता येत होतं?"

ती ओशाळून हसली. "लग्नाआधीच्या उन्हाळ्यात मीच शिकवलं, डोंगरापलीकडच्या तळ्यात. हे सुटकेचंसुद्धा. तुम्ही हसाल, नावेवर घेणार नाही, म्हणून कुणाला बोलला नाही." तिने खिडकीतून खाडीकडे पाहिलं. "छान पोहायचा रे. किनारा एवढा जवळ होता, तरी तो पोहत का आला नाही, हे मला आजवर कळलेलं नाही."