पलीकडचं गिऱ्हाईक

नदीवर पूल बांधायला गावातल्या प्रत्येक खरेदीवर जादा कर लावायचा ठरला, तेव्हा किराणा दुकानदाराने दारोदार फिरून लोकांना पटवलं. "चार पैसे जास्त गेले तर जाऊ देत हो! पूल झाला की पलीकडचं गिऱ्हाईक आपल्याकडे धावत येईल!"

पूल झाला. नवाकोरा शर्ट घालून स्वारी गल्ल्यावर बसली, पण सकाळपासून चिटपाखरू फिरकलं नाही. दुपारी एकदाचा पलीकडून एकजण धापा टाकत आला. दुकानदार ताडकन उठला. "या, या! काय देऊ?"



"माझं पलीकडे किराणा दुकान आहे. तिकडे पुलाचा कर नाही ना, तुमचं अख्खं गाव माझ्या दारात उभं आहे... तुमचा वजनकाटा रिकामाच असेल, दोन दिवस देता का?"