एकतीस नंबर

एकतीस नंबर कालही दोनच तास झोपला होता. स्क्रीनवरचा आकडा डॉक्टरीणबाईनं पुन्हा एकदा तपासला.

डॉक्टरीणबाई हे वर्गानं ठेवलेलं नाव. पदवी अजून प्रबंधात अडकली होती. मेंदूवाले, मनवाले आणि संगणकवाले एकाच अभ्यासक्रमात कोंबलेले. तीन तिघाडा, काम बिघाडा, असं पहिल्या वर्षी तीच म्हणायची. पण संगणकवाल्या मित्राबरोबर तिनं केलेला प्रोग्रॅम चालला. माणूस आतून खचतोय का, हे तो फोनवरून ओळखायचा. झोप किती, चालणं किती, टाइप करताना बोटं किती रेंगाळतात, घरचे फोन घेतो की नाही. नाव कुणाचंच नाही, फक्त नंबर. सत्तर माणसं जमता जमेनात, तेव्हा शेजारीपाजारी, ओळखीपाळखीचे, जो फोन हाती लागेल त्यात मित्रानं ॲप घातलं होतं.

"अगं, प्रोग्रॅम चुकत असेल," मित्र म्हणाला. "तू आधी जेव बघू. डबा कालचाही तसाच आहे."

"अकरा दिवस घरचा एक फोन उचललेला नाही त्यानं. माझ्या घशाखाली घास कसा उतरेल?"

त्या अनोळखी माणसाची तिला माया लागली होती. एका खोलीत कुणीतरी दार लावून बसलंय, असं सारखं डोळ्यांपुढे यायचं.

प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमच्या केबिनमध्ये ती खुर्चीवर टेकलीसुद्धा नाही.

"नंबरामागचा माणूस शोधला, की नियम मोडला," मॅडम म्हणाल्या. "सगळी माहिती बाद. दोन वर्षांची मेहनत पाण्यात. कळतंय ना?"

"कळतंय. पण त्यानं जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं, तर तो प्रबंध काय चाटायचाय, मॅडम?"

मॅडमनी कपाटाचं कुलूप काढून यादी घेतली. तीत नावं नव्हतीच, नंबरापुढे नुसते फोन नंबर होते. कागद आपल्याकडे वळवून धरत त्यांनी टेबलावरच्या फोनवरून एकतिसावा लावला.

"वाजतोय," त्या म्हणाल्या.

नेमका तेव्हाच तिच्या पर्समधला फोन वाजला. तिनं न बघता, सवयीनं तो कट केला.

"कट केला," मॅडम म्हणाल्या.

"पुन्हा लावा ना, प्लीज. त्याला म्हणावं, आम्ही आहोत."

मॅडमनी पुन्हा नंबर लावला. तिच्या पर्समधला फोन पुन्हा वाजू लागला.