बंगल्यातला जुना माणूस

जहाजांच्या गोदीलगतच्या त्या दगडी बंगल्यात त्याने आचारी म्हणून उभी हयात घालवली होती. किती साहेब आले नि गेले, त्याची ये-जा मात्र मागच्या दाराने. आणि आता नौदलात अधिकारी झालेल्या त्याच्या मुलीलाच तो बंगला राहायला मिळाला! तिने बापाला हाताला धरून पुढच्या दाराने आत नेलं. "बाबा, आता स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही," तिने लटका दम भरला.

पहिल्याच मेजवानीला नौदल तळाचे प्रमुख आले. तरुणपणी तेही याच बंगल्यात राहिलेले. नवा सदरा घालून कोचावर बसलेल्या म्हाताऱ्याला पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"अरे, तू अजून इथेच? वा! तुझ्या हातची कॉफी आण बघू."

आता लेक सांगेल म्हणून त्याने तिच्याकडे पाहिलं. ती हातातल्या पेल्यात बघत होती.

तो उठला. कॉफी फक्कड झाली, सगळेच म्हणाले.

निघताना प्रमुख तिला म्हणाले, "नशीबवान आहात. असा माणूस शोधून मिळत नाही. याला सोडू नका."

"नाही सोडणार, सर," मुलगी म्हणाली.